परतीचा हक्क

मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ असे म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. स्त्री ‘येते’ म्हणते. ‘जातो’ हा शब्द अशुभ मानण्याचा संकेत या प्रयोगामागे आहे, हे खरे. परंतु त्याचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. निघण्याच्या क्षणीच परतण्याचे वचन देऊन ठेवणारी ही भाषा निघणाऱ्याला एका नात्यात बांधते, आणि ज्या स्थळाला तो सोडून जातो त्या स्थळावर त्याचा काही हक्क शिल्लक उरतो, असेही सुचवून जाते. मग ‘येते’ हे वचन आहे की दावा? एखाद्या स्थळावर प्रेम केले, एवढ्याने तेथे परतण्याचा अधिकार प्राप्त होतो काय? आणि होत असेल, तर त्या अधिकाराची मर्यादा कोणती? वरवर हा प्रश्न भावुक वाटतो. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. कारण स्थळ कधीच रिकामे नसते, तेथे कोणी ना कोणी राहतच असते.

ज्यांचे पिढीजात घर आहे, ज्यांच्या वाड्याला आजही नावाने ओळखले जाते, त्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मालकीच्या कागदात सापडल्यासारखे वाटते. म्हणून तो तपासण्यासाठी असे स्थळ घ्यावयास हवे, की जे प्रेम करणाऱ्यांच्या मालकीचे कधीच नव्हते. छत्तीसगडमधील भिलाई हे असे स्थळ आहे. फेब्रुवारी १९५५मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन ती भोपाळला गेली. आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य होताच रायपूरला आली. जागचे न हलता या भूमीने तीन राजधान्या पाहिल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती. दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज येई. कारखान्यातून रेल्वेचे रूळ बाहेर पडत. धानाच्या शेतांवर कारखाना आणि त्याच्या जोडीला क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची वसाहत उभी राहिली.

या वसाहतीत देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. हावडा-मुंबई लोहमार्गावर नागपूर फार दूर नसल्याने विदर्भातील मराठी कुटुंबेही आली. त्यांना क्वार्टर मिळाले. ‘क्वार्टर’ या शब्दात त्या जीवनाची सारी अट सामावलेली होती: नोकरी आहे तोवर घर, नोकरी संपली की किल्ली परत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. परंतु बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने अंगणातला पेरू आणि दारातली जास्वंद ही लावायची आपण आणि सोडायची दुसऱ्यासाठी, हाच नियम राहिला. मुले तेथेच जन्मली, तेथेच शिकली. त्यांच्या लेखी ‘गाव’ म्हणजे सेक्टरच. आईवडिलांचे मूळ गाव त्यांना सुट्टीपुरते ठाऊक होते.

अशा वसाहतीतील हिवाळ्याच्या दुपारी एका विशिष्ट कामाच्या असत. डिसेंबर-जानेवारीतली तेथील रात्र बोचरी; म्हणून लोकरीचे विणकाम ही हौस असली तरी गरजही होती. दुपारचे आवरून स्त्रिया उन्हात सतरंजी टाकून बसत. पंजाबी, बंगाली, मल्याळी, तेलुगू, मराठी अशा बोली एकत्र येत, आणि जेथे भाषा अडे तेथे सुया बोलत. टाक्याला ‘फंदा’ म्हणण्याची सवय मराठी घरांतही रुळली. एकीने दुसरीच्या सुईवरचा नमुना पाहायचा, बोटाने टाके मोजायचे, सुलट दोन, उलट दोन असे मनाशी म्हणायचे, आणि घरी जाऊन तोच नमुना आपल्या मुलाच्या पाठीवर उतरवायचा. हे ज्ञान पुस्तकातले नव्हते, विकतचेही नव्हते. ते हातातून हातात गेले. म्हणूनच ज्या स्थळी ते मिळाले त्या स्थळाशी ते बांधले गेले.

आता एक प्रसंग कल्पावा. अशा अंगणांत वाढलेल्या, आज साठीच्या आसपास असलेल्या आणि पुणे, ठाणे, नागपूर येथे स्थिरावलेल्या काही स्त्रिया ठरवतात, की हिवाळ्यात आठ दिवस भिलाईस जाऊन एकत्र राहावे आणि केवळ विणावे. लग्नकार्य नाही, कोणाची शुश्रूषा नाही, देवदर्शन नाही. हेतू एवढाच, की जेथे पहिला टाका घातला त्या उन्हात पुन्हा सुया हाती घ्याव्या. यात आक्षेपार्ह असे काय असू शकते? पहिल्या दृष्टीस काहीच नाही. किंबहुना आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापाचे विणलेल्या स्त्रियांनी आठ दिवस स्वतःसाठी मागावे, यात न्यायच आहे. तरीही त्या आपल्या जुन्या क्वार्टरसमोर उभ्या राहतात आणि फाटकाला हात घालतात, त्या क्षणी प्रश्न सुरू होतो. आत दुसरे कुटुंब आहे; किंवा घर कुलूपबंद, पडके आहे. फाटक ढकलणारा हात कोणत्या अधिकाराने ढकलतो?

१६८८मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात ग्रीक भाषेतील ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन शब्द जोडून एका रोगाला नाव दिले. घरापासून दूर गेलेल्यांना जडणारा तो रोग, आणि घरी परत पाठवणे हा त्यावरचा उपाय. पुढे ती संज्ञा वैद्यकातून बाहेर पडून साहित्यात आली. आणि येताना उपायावरचा विश्वास गमावून बसली. कारण परतणाऱ्याला हवे असते ते केवळ स्थळ नसते. त्या स्थळातला विशिष्ट काळ हवा असतो. स्थळाकडे जाणारी गाडी मिळते, काळाकडे जाणारी मिळत नाही. येथवर हे दुःख निरुपद्रवी आहे. ते अनीतीकडे झुकते, ते परतणारा स्थळाकडून काळाची वसुली करू लागतो तेव्हा. ‘तुम्ही झाड का तोडले’, ‘बाजार असा का झाला’, ‘पूर्वीची माणसे राहिली नाहीत’ ही वाक्ये प्रेमाची वाटतात. प्रत्यक्षात ती राहणाऱ्यावर ठेवलेले आरोप असतात. परतणाऱ्याच्या आठवणीला धक्का लागू नये म्हणून राहणाऱ्याने बदलू नये, अशी ती मागणी असते.

या ठिकाणी इमॅन्युएल कांटचा एक भेद उपयोगी पडतो. १७९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाश्वत शांततेवरील निबंधात त्याने परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याचे दोन हक्क वेगळे केले. एक पाहुणा म्हणून राहवून घेतले जाण्याचा. तो यजमानाच्या विशेष संमतीवाचून निर्माण होत नाही. दुसरा केवळ भेट देण्याचा. तो प्रत्येक मनुष्याला आहे, कारण पृथ्वीचा पृष्ठभाग सर्वांचा सामाईक आहे, आणि जोवर आगंतुक शांततेने वागतो तोवर त्याला शत्रू मानता येत नाही. कांटचे लक्ष्य युरोपीय व्यापाऱ्यांची वसाहतखोरी हे होते. भेट देण्याच्या नावाखाली जिंकून घेण्याच्या वृत्तीला तो नावे ठेवीत होता. परतणाऱ्याच्या बाबतीत हा भेद अधिक अवघड होतो. कारण तो स्वतःला आगंतुक मानावयास तयारच नसतो. ‘हे माझेच आहे’ ही त्याची भावना असते, आणि तेथेच भेटीचा हक्क नकळत ताब्याच्या हक्कात बदलतो.

हा केवळ भिलाईचा प्रश्न नव्हे. विणकामाची आवड असलेल्या पाश्चात्त्य स्त्रियांमध्ये इटलीतील एखाद्या डोंगरी खेड्यात आठवडाभर एकत्र राहून विणण्याची प्रथा अलीकडे रुळली आहे; आणि पुष्कळ जणी दरवर्षी त्याच खेड्यात परततात. खेडे त्यांना प्रिय असते. परंतु त्याच देशातील अनेक खेडी तरुणांनी सोडल्यामुळे ओस पडली आहेत. सिसिलीतील सांबुका या गावाने २०१९मध्ये रिकामी घरे एका युरोच्या प्रारंभिक किमतीला विक्रीस काढली, ती याच अवस्थेतून. पाहुणीला जी शांतता मोहविते ती कित्येकदा गावाच्या ओस पडण्याची शांतता असते. एकाच वस्तूला एक जण विसावा म्हणतो आणि दुसरा उजाडपण म्हणतो. दोघेही खोटे बोलत नाहीत.

त्याच देशातील बुरानो बेटाची हकीकत मात्र दुसरी बाजू दाखवते. व्हेनिसजवळच्या या कोळ्यांच्या बेटावरची सुईने विणायची लेस एकोणिसाव्या शतकात जवळजवळ लुप्त झाली होती. १८७२च्या कडक हिवाळ्याने मासेमारी थांबून बेटावर उपासमार आली, तेव्हा पाओलो फाम्ब्री आणि काउंटेस आंद्रियाना मार्चेलो यांनी तेथे लेसची शाळा सुरू केली. जुनी विद्या हातात असलेली एक वृद्धा, चेंचा स्कार्पारिओला, तेवढी उरली होती. तिच्या बोटांकडे पाहून एका शिक्षिकेने ती विद्या उचलली आणि इतरांना दिली. लेस परतली ती कोणाला जुन्या दिवसांची आठवण आली म्हणून नव्हे. म्हातारीला कोणी तरी विचारले म्हणून, आणि बेटावरच्या चुलींना त्याची गरज होती म्हणून. अर्थात या कथेलाही काळी किनार आहेच: उंची लेस विणणाऱ्या हातांना मिळणारी मजुरी अल्प असे. परंतु परत येणे आणि परत आणणे यांतला फरक ती स्पष्ट करते. आठवण स्वतःला विचारते, तुला काय हवे. विद्या दुसऱ्याला विचारते, तुला काय ठाऊक आहे.

हाच प्रश्न भिलाईच्या अंगणात विचारला, तर तेथे कोण दिसते? लोकरीची लडी गुंडाळण्यास दोन माणसे लागतात. एकाने दोन्ही हात पुढे करून लडी ताणून धरायची, दुसऱ्याने धागा ओढून गोळा करायचा. पुष्कळ घरांत हे दोन हात कामाला येणाऱ्या बाईचे असत. ती जवळच्या वस्तीतून येई. ज्या गावांची शेते कारखान्यासाठी संपादन झाली, अशा एखाद्या गावातीलही असू शके. गुंडाळणारी खुर्चीवर, लडी धरणारी उंबरठ्यावर. अंगणातल्या सतरंजीने प्रांतांच्या आणि भाषांच्या सीमा खरोखरच पुसल्या. परंतु ती सतरंजी या बाईपर्यंत पसरली नव्हती. आज परतलेल्या स्त्रीला तिचा चेहरा आठवतो, क्वचित नाव आठवते. ती कोणत्या गावची, आणि त्या गावाचे पुढे काय झाले, हे आठवत नाही. कारण ते तेव्हाही ठाऊक नव्हते. एकीला परतण्यासाठी भिलाई आहे. दुसरीला परतण्यासाठी असलेले शेत भिलाई होऊन गेले.

भिलाईच्या इतिहासात ही रेषा केवळ अंगणापुरती नव्हती. कारखान्यातील कायम कामगार आणि कंत्राटी मजूर यांच्या वेतनात, घरात, मुलांच्या शाळेत अंतर होते. आणि पुढे कायम नोकऱ्या घटत गेल्या तशी कंत्राटी श्रमांवरची मदार वाढली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी १९९३पासून वर्षानुवर्षे भिलाईस परत येऊन हेच अंतर अभ्यासले; २०२०मध्ये त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. दल्ली-राजहराच्या कंत्राटी खाणकामगारांना संघटित करणारे आणि नंतर भिलाईच्या खाजगी उद्योगांतील कामगारांचा लढा हाती घेणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी झोपेत असताना हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या लोहमार्गावर बसलेल्या आंदोलक कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अनेक जण मृत्युमुखी पडले. ज्या गाडीने परतणारी स्त्री भिलाईस उतरते, ती याच मार्गावरून धावते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. त्या अंगणात खेळणाऱ्या मुलीने कोणाची जमीन घेतली नव्हती. तिच्या आईने गोळी झाडली नव्हती. मग एका निष्पाप बालपणाला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करावे? माणसाच्या वाट्याला आलेले थोडे सुखदेखील तपासून घ्यावे लागत असेल, तर सुख असे काही उरणारच नाही. या आक्षेपात तथ्य आहे. बालपणाचे सुख खोटे नव्हते, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याने उंबरठ्यावरच्या बाईचे काहीही भले होत नाही. परंतु दोष आणि उत्तरदायित्व या एकच गोष्टी नव्हेत. मुलीला दोष नाही, कारण तिला ठाऊक नव्हते. साठीच्या स्त्रीला ठाऊक करून घेणे शक्य आहे; आणि जे शक्य आहे ते टाळून मुलीच्या डोळ्यांनीच पाहत राहणे, हा तिचा आजचा निर्णय ठरतो. निष्पापपणा बालपणाला शोभतो. तो पुढे जपून ठेवण्याची वस्तू नाही.

मराठी परंपरेला परतण्याची दोन रूपे फार जवळची आहेत: माहेर आणि वारी. माहेरी परतणारी लेक प्रेमाने परतते, आणि घरावर हक्क न सांगता परतते. हे मालकीवाचूनचे प्रेम म्हणून गौरविले गेले. परंतु ते तिने निवडलेले नव्हते, तिच्यावर लादलेले होते. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाबरोबरीचा वाटा कायद्याने महाराष्ट्रात १९९४मध्ये आणि देशभर २००५मध्ये मिळाला, तोवर माहेरच्या गोडव्याखाली हा अन्याय झाकला गेला होता. म्हणून माहेर हा आदर्श तसाच्या तसा स्वीकारता येत नाही. वारीचे तसे नाही. वारकरी स्वतःच्या इच्छेने परततो. परत परत येणे हाच त्याच्या नावाचा अर्थ. तो पंढरीवर प्रेम करतो, पण पंढरीत घर मागत नाही. दर्शन घेतो आणि आपल्या शेताकडे वळतो. त्याचा हक्क भेटीचा, आणि त्याला तो पुरतो.

तथापि याच पंढरीच्या दारात चोखोबांची समाधी आहे. ज्याच्या प्रेमाविषयी कोणालाही शंका नव्हती, त्याला शतकानुशतके त्याच्या जातीसकट बाहेर ठेवले गेले. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केल्यावर त्या मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्यांना उघडली. तोवर लक्षावधी वारकरी त्या समाधीसमोरून आत गेले होते. त्यांचे प्रेम खोटे होते असे कोण म्हणेल? पण ते अपुरे होते, असे म्हणणे भाग आहे. प्रिय स्थळी परतताना आपल्याला आत घेतले जाते, एवढ्यावर समाधान मानणारे प्रेम आणि दाराशी कोण थांबले आहे हे पाहणारे प्रेम, यांत नीतीचे अंतर आहे.

भिलाईस गेलेल्या त्या स्त्रियांनी मग काय करावे? त्यांच्याच हातातील कलेत या प्रश्नाचा एक साधा धडा आहे. मुले वाढली, स्वेटर आखूड झाला, की तो टाकून दिला जात नसे. आधी शिवणी सोडायच्या. मग जेथे विणणे संपले होते त्या टोकापासून धागा ओढत उसवत जायचे. उसवलेली लोकर सरळ नसते. जुन्या टाक्यांची वळणे तिच्यात राहिलेली असतात. तशीच विणली तर नवे वस्त्र ओबडधोबड होते. म्हणून तिची लडी करून, जागोजागी सैल बांधून, कोमट पाण्यात धुवायची आणि खाली वजन लटकावून वाळवायची. विरलेला भाग कापून टाकायचा, कमी पडेल तेथे दुसऱ्या रंगाची लोकर जोडायची. असे केलेल्या स्वेटरवर वेगळ्या रंगाचा पट्टा येई, आणि त्याची कोणाला लाज वाटत नसे. आठवणीचेही असेच आहे. तिला टाकून द्यावयाचे नाही. परंतु उसवून, धुऊन, ताणून घेतल्यावाचून तिचे नवे काही होत नाही. आणि जे ठाऊक नव्हते त्याचा वेगळा रंग तिच्यात दिसलाच पाहिजे.

याचा अर्थ, फाटकाबाहेर उभे राहून आत राहणाऱ्यांची परवानगी घ्यावी, आणि ती न मिळाल्यास रागावू नये. झाड नसेल तर त्याचा हिशेब मागू नये. उन्हात सतरंजी टाकावी, पण ती या वेळी उंबरठ्यापलीकडेही पसरावी. लडी धरणारे हात किंवा त्यांच्या लेकीसुना अजून त्या परिसरात असतील, तर त्यांना शिकवण्याआधी विचारावे: तुमचे गाव कोणते होते? या प्रश्नाने संपादन झालेले शेत परत मिळणार नाही. मेलेले उठणार नाहीत. अन्यायाची भरपाई आठ दिवसांच्या विणकामाने होत नसते, आणि तसे मानणे हा आणखी एक अन्याय होईल. परंतु ज्या भिलाईवर प्रेम केले ती अर्धीच होती, एवढे तरी कळेल. उत्तर ऐकताना त्या स्त्रियांना कदाचित आपले बालपण थोडे परके वाटू लागेल. ते सोसण्याची तयारी नसेल, तर परतण्याचे कारण उरत नाही. छायाचित्रांची वही घरी आहेच.

आठ दिवसांनी गाडीत बसताना त्या ‘येते’ असेच म्हणतील. भाषेने दिलेला शब्द तोच राहील. निघताना तो ज्यांना उद्देशून म्हटला जातो, त्यांत या वेळी उंबरठ्यावरची ती बाई असेल की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.